ओहोटीचं कुंपण

आमच्या नदीला इथले लोक समुद्रच म्हणतात.
कामुरास्काहून पलीकडचा काठ दिसतो, पण निळसर,
कुणी आठवून आठवून सांगावा तसा.
उन्हाळा कलला की आम्ही चिखलात खुंट रोवतो, जाळी ताणतो.
ओहोटी लागली की वाम मासे कुंपणाच्या कडेकडेने येतात
आणि शेवटच्या पेटीत शिरतात.
आत यायला वाट आहे, बाहेर जायला नाही.
पेटी रोज उपसावी लागते.
एक ओहोटी चुकली तर चालतं.
चार चुकल्या की फळ्या फुगतात.

डॉक्टर बुफारबाईंनी विचारलं, काम काय करता?
म्हणून एवढं सांगितलं.
त्यांनी रिपोर्ट पालथा घातला
आणि पेन्सिलीने माझंच कुंपण काढायला घेतलं.

म्हणाल्या, मज्जापेशीच्या अंगावर एक चरबी असते,
तिच्या टोकाला साखरेचा तुरा खोवलेला.
गँग्लिओसाइड.
ते नाव मी तीनदा म्हणवून घेतलं.
त्या तुऱ्यांवरून पेशी पेशीला ओळखते,
दाट धुक्यात वल्ह्याच्या आवाजावरून
आम्ही भावाची होडी ओळखतो तशी.
म्हणजे वाईट नाही ना ते? मी विचारलं.
छे. ते मुळीच नसलं तरी मूल आंधळं होतं, झटके येतात,
अशीही घरं आहेत जगात.
फक्त जुनं झालं की मोडून काढावं लागतं.
पेशीत त्याची पेटी आहे, पेटी उपसणारा एक गडी आहे.
तुमच्या सोलेनकडे तो गडीच नाही.

सहाव्या महिन्यात ती बसायला शिकली होती.
आठव्यात विसरली.
चमचा पडला की दोन्ही हात फाकून दचकायची,
आम्ही हसायचो, कान किती तिखट पोरीचे!
मग रिमुस्कीच्या डोळ्यांच्या डॉक्टरने
दिवा विझवून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं.
बुबुळामागच्या पडद्यावर चेरीएवढा लाल ठिपका.
लाल तो नव्हताच, म्हणाला,
लाल सगळ्यांचाच असतो.
भोवतालचं साचून साचून पांढरं पडलंय, म्हणून दिसतो.

माझ्यात गडी अर्धा. आनिकमध्ये अर्धा.
अर्ध्यावर आमचं निभून गेलं, कळलंही नाही.
चर्चच्या वहीत सात पिढ्या मागे
एकच बाई दोनदा सापडली,
एकदा माझ्या बाजूने, एकदा आनिकच्या.
जहाजातून आली, नऊ बाळंतपणं, मेली प्लुरिसीने.
तिच्यावर रागवायला गेलो
तर सहीच्या जागी नुसती फुली.

आता घरात आम्ही लोकरी मोज्यांवर चालतो.
दारांना नमदा ठोकलाय, घड्याळ सासूकडे दिलं.
या रविवारी घंटा वाजली, पण जणू उशीखालून.
घंटेच्या लोळीला फिलेमाँने मेंढीचं कातडं बांधलं होतं.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
मी आभार मानायला गेलो तर
तो हवामानावर बोलत राहिला.

परवा ओहोटी पहाटे तीनला होती.
चार दिवस इस्पितळात गेलेले. पेटीजवळ पोचलो
तर आतून सळसळ, काठोकाठ,
एकमेकांवर चढलेली काळी, ओली, मुकी पाठ.
मी मागची फळी उचकटली.
त्या लगेच गेल्या नाहीत.
वाट आहे हे त्यांना पटायला वेळ लागला.
मग एक गेली. मग सगळ्या.

घरी आलो, बुटांना चिखल.
आनिक तिला मांडीवर घेऊन नळीने दूध भरवत होती,
थेंब थेंब, श्वास मोजत.
किती होत्या? तिने हळू विचारलं.
ऐंशी किलो तरी.
म्हणजे महिन्याचं तेल गेलं, ती म्हणाली,
आणि नळी चिमटीत धरून थांबली,
कारण बाहेर कुठेतरी
कुणाच्या तरी गाडीचं दार लागलं होतं
आणि सोलेनचे हात
पुन्हा पूर्ण उघडले होते.